महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: वापरून बघितल्यावर

पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे कळेलच.

मी मिरजेत ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नवरा टेम्पो चालवतो. रेशनकार्ड केशरी. आमच्या आत्यांची, म्हणजे सासूबाईंची, हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली होती. त्यांची अँजिओप्लास्टी या योजनेतून झाली, तीही खासगी दवाखान्यात, आणि ऑपरेशनपायी आमच्या खिशातून रुपया गेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आता बरीच कुरकुर करणार आहे.

लोक याला ‘फुकटची स्कीम’ म्हणतात. माझं भांडण तिथूनच सुरू होतं. फुकट कसली? पैसे कुणीतरी भरलेत, फक्त आपण नाही. एप्रिल 2020 मध्ये राज्याची ही योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत एकत्र केली, तेव्हा दीड लाखापर्यंतच्या खर्चाचा विमा युनायटेड इंडिया कंपनीकडे होता आणि सरकार घरटी वर्षाचा हप्ता तिला मोजत होतं. दीड लाखाच्या वर पाच लाखांपर्यंतचा भार सरकारच्या आरोग्य हमी सोसायटीनं उचलायचा, अशी वाटणी होती. जुलै 2024 पासून तर पांढऱ्या कार्डासकट सगळ्या रेशनकार्डांना वर्षाला पाच लाख मिळतात. त्याच्याही आधी, 2008 साली, राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली होती. तिच्यात दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबानं 30 रुपये नोंदणीचे भरायचे आणि 30,000 चं संरक्षण मिळायचं. तीस रुपये का होईना, आपण काही दिलं असं म्हणता यायचं. आता तेही नाही. हप्त्याची पावती नाही, पॉलिसीचा जाडजूड कागद नाही, त्यामुळे माणूस खिडकीपाशी आपोआप हळू आवाजात बोलतो. समोरच्यालाही तो आवाज बरोबर ओळखता येतो.

आमच्याशी तेच झालं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. रिसेप्शनवर सांगितलं, “आधी डिपॉझिट भरा, योजनेचं मागाहून बघू.” धाकटे दीर लगेच कुणाकडून उसने मिळतील त्याचा हिशेब करायला लागले. मी म्हटलं, थांबा भावजी, आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णाचे योजनेचे कागद बघून मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. आमच्याकडचं जिन्याखाली होतं, बोर्डापुढे व्हीलचेअर लावून ठेवलेली. तिथली मुलगी मात्र हुशार निघाली. रेशनकार्डावर आत्यांचं नुसतं नाव आणि आधारवर त्यापुढे ‘बाई’ लावलेलं, एवढ्यावरून ऑनलाइन जुळत नव्हतं. तिनं न कंटाळता ते मार्गी लावलं, अँजिओग्राफीचे कागद वर पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. डिपॉझिटचा विषय परत कुणी काढला नाही.

दुसरा प्रसंग ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा. एकजण खाटेपाशी येऊन म्हणाला, योजनेतला स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळीची नळी, ‘साधा’ असतो, वरचे पैसे भरलेत तर ‘इम्पोर्टेड’ टाकू. आत्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता अशा वेळी कोणती सून नाही म्हणेल? मी सरळ त्याच्या देखत 155388 लावला, ही योजनेची हेल्पलाइन. पॅकेजमध्ये स्टेंट धरलेला आहे, वेगळे पैसे द्यायचे नाहीत, असं पलीकडून स्पष्ट सांगितलं. शिवाय 2017 पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, हे मला एका गिऱ्हाइकाच्या नर्स असलेल्या मुलीनं सांगून ठेवलं होतं. तो माणूस नंतर फिरकला नाही. पण ज्यांना नंबर माहीत नाही त्यांचं काय होत असेल? माझा एक तारा तिथे गेला.

आता खासगी पॉलिसीशी तुलना. एक एजंट आमच्या गल्लीत नेहमी येतो, माणूस चांगला आहे. वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये गेला, तरी साठीपुढच्या माणसाचा हप्ता आमच्यासारख्यांना पेलणारा नाही. वर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. आत्यांना बीपी आहे, शुगर आहे. जन आरोग्य योजनेत या दोन्हींवरून कुणी अडवलं नाही. मात्र पाच लाख माणशी नाहीत, सगळ्या घराला मिळून आहेत, हे विसरू नका. आणि उपचार यादीत असावा लागतो. यादी मोठी वाटते, पण तिच्यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयातच होतात, म्हणून दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला विचारलेलं बरं.

ओपीडी यात नाही. दाखल होण्याआधी बाहेर केलेला इको, रक्ताच्या तपासण्या, ते पैसे आमचेच गेले. घरी सोडताना दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. रक्त पातळ ठेवायची आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र रोज लागते, ती आम्ही जनऔषधी दुकानातून आणतो. परतीच्या एसटीचं भाडंही योजनेत बसतं. आम्ही गावातलेच, आम्हाला काय त्याचं, पण शेजारच्या खाटेवरच्या जत तालुक्यातल्या आजोबांना ते मिळालं तेव्हा त्यांनी दोनदा मोजून घेतलं. जेवण बरं होतं, आमटी पातळ.

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, सत्तरी ओलांडली आहे, म्हणून त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही, म्हणजे आयुष्मान भारतचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड, काढून घेतलं. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या कुणालाही ते मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. कार्ड काढायला जाल तेव्हा आधारला जोडलेला मोबाइल कुणाकडे आहे ते घरातून निघतानाच बघा. आमच्याकडे तो नंबर नवऱ्याचा, तो टेम्पो घेऊन कोल्हापूरच्या रस्त्याला, आणि सेवा केंद्रातला पोरगा “ओटीपी सांगा, ओटीपी सांगा” करत बसलेला.