पगार पाकिटांत वाटायची पद्धत: दिवाळीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग सविस्तर. पाकीट पद्धतीने आमचा भाजीपाल्याचा खर्च फारसा कमी झाला नाही. किराण्यात हजार-बाराशे वाचतात, तेही दर महिन्याला नाही. तरीही ही पद्धत मी सोडणार नाही. पैसे नेमके कुठल्या भोकातून गळतात ते तिने दाखवलं, आणि ते भोक किराण्यात नव्हतंच.

परिस्थिती थोडक्यात: पुण्यात वारज्याला भाड्याचं घर, आम्ही दोघं नोकरी करणारे, मुलगी सहावीत, सासू-सासरे सोबत. दोघांचे मिळून हातात ६८,००० येतात. भाडं १३,०००. सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी काढलेलं पर्सनल लोन चालू आहे, हप्ता ११,२००. त्यावर क्रेडिट कार्डाचे १,४०,००० थकलेले. दिवाळीनंतर कार्डाचं बिल आलं तेव्हा सुरुवात केली.

पद्धत सगळ्यांना माहीत असते. पगार झाला की रोख काढायची, प्रत्येक खर्चाचं वेगळं पाकीट करायचं, पाकीट रिकामं झालं की त्या महिन्यात तो खर्च बंद. पाकिटांसाठी वेगळा खर्च केला नाही. घरात आहेराची रिकामी पाकिटं पडलेली होतीच, वर रुपयाचं नाणं चिकटवलेली. त्यामुळे आमच्या किराण्याच्या पाकिटावर 'शुभविवाह' छापलंय आणि पेट्रोलच्या पाकिटावर सोनेरी गणपती होता. नाणी मुलीने उचकटून घेतली.

पहिला महिना सुट्ट्या पैशांनी खाल्ला. आमच्या भाजीवालीकडेही क्यूआर कोड लावलेला आहे. तिला पाचशेची नोट दाखवली की ती म्हणते, "ताई, स्कॅन करा ना, सुट्टे कुठनं आणू?" दूधवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाला, सगळ्यांचं तेच. मग काय, एका पाकिटातून घेऊन दुसऱ्यात ठेवायचे, मोड आली की परत करायचे, आणि रात्री हिशेब लावताना डोकं धरायचं. जुन्या लोकांच्या काळात ही पद्धत चालली कारण तेव्हा सगळेच रोखीत होते. आज आहे तशी उचलाल तर पहिल्या पंधरा दिवसांत कंटाळाल.

तोडगा असा निघाला. रोख फक्त तीन पाकिटांत: किराणा, आहेर-पाहुणे आणि किरकोळ. किराणा महिन्याचा एकदम भरतो, त्यामुळे सुट्ट्यांचा प्रश्न येत नाही. भाजी, फळं, रिक्षा असल्या रोजच्या खर्चासाठी यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमध्येच आधी पैसे भरून ठेवायचं छोटं पाकीट. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात आणि एक व्यवहार १,००० पर्यंतचा होतो, म्हणजे ते आपोआपच पाकीट झालं. एक तारखेला ३,५०० भरायचे, संपले की संपले. आणखी एक फायदा पुढे कळला. कोथिंबिरीचे दहा-दहा रुपये पासबुकात वेगवेगळे येत नाहीत, फक्त भरलेली रक्कम एका ओळीत दिसते, त्यामुळे स्टेटमेंट वाचता येतं. मात्र ऑटो टॉप-अप, म्हणजे शिल्लक कमी झाली की खात्यातून आपोआप पैसे भरायची सोय, चालू असेल तर आधी बंद करा. तो चालू ठेवून पाकीट पद्धत वापरण्यात काही अर्थ नाही.

दूध, वीज, गॅस, मोबाईल यांना पाकीट केलं नाही. ते खात्यातून जातं. विजेबद्दल एवढंच सांगते की महावितरणच्या बिलात पहिली १०० युनिटं एका दराने असतात आणि त्यावरचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं. आमचा गीझर तासन्‌तास चालू राहायचा, आता सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ होतात. उन्हाळा सोडला तर बिल शंभर युनिटांच्या आत-बाहेर राहतं.

औषधांचं मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. सासऱ्यांना बीपी आणि साखर दोन्ही. डॉक्टरांना सांगून कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन, आणि जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलो. खर्च निम्म्याहून खाली आला. अडचण एकच, हव्या त्या ताकदीची गोळी दर वेळी मिळेलच असं नाही. म्हणून पट्टी संपायच्या आठवडाभर आधी चक्कर मारायची. शेवटच्या गोळीला जाल तर शेजारच्या मेडिकलमधून ब्रँडेडच घ्यावं लागतं.

आता त्या भोकाबद्दल. सुरुवात करताना आम्ही मागच्या वर्षाचं कार्डाचं स्टेटमेंट घेऊन बसलो आणि एकेक रक्कम कशाची होती ते शोधलं. मला वाटलं होतं हॉटेलं आणि ऑनलाइन कपडे निघतील. निघाली, पण किरकोळ. मोठ्या रकमा सगळ्या अशा खर्चांच्या होत्या जे दर वर्षी ठरल्या वेळी येतात आणि दर वर्षी आपण "अचानक खर्च आला" म्हणतो. शाळेची फी २८,०००. जूनमध्ये पुस्तकं, गणवेश, दप्तर मिळून ६,५००. एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य ११,०००. दिवाळी १२,०००. गणपतीला गावी जाणं-येणं ४,०००. दोन गाड्यांचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,५००. सासऱ्यांच्या तपासण्या ६,०००. बेरीज ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००.

जून काय अचानक येतो का? पण महिन्याच्या बजेटात जूनला जागा नसते, म्हणून तो कार्डावर जातो. हे सहा हजार दर महिन्याला बाजूला पडत नव्हते आणि आमचं कर्ज बहुतेक तिथूनच वाढत होतं. मग 'वर्षाचं' नावाचं पाकीट सुरू केलं. त्याचे पैसे घरात ठेवत नाही, ज्या खात्याचं यूपीआय फोनवर नाही अशा खात्यात टाकतो. यंदा जूनची पुस्तकं-गणवेश त्यातून झाले. फीचा पहिला हप्ताही त्यातूनच गेला, थोडा कमी पडला तो किराण्यातून ओढला. लग्नानंतर पहिल्यांदाच जून महिना कार्डाशिवाय गेला.

वर्षाचं धान्य भरावं का, यावर घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, कर्ज असताना एकदम अकरा हजार का घालायचे, लागेल तसं आणू. मी दोन्हीचा हिशेब मांडला. लोकवन गहू आणि मालदांडी ज्वारी हंगामात पोत्याने घेतली तर किलोमागे जो फरक पडतो तो वर्षभरात जाणवण्याइतका आहे. शिवाय घरात पोतं असलं की पॅकेटबंद आटा आणला जात नाही. पण धान्य ऊन देऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, नीट कोठीत भरणारं माणूस घरात हवं. आमच्याकडे आई, म्हणजे सासूबाई, आहेत. तूरडाळीला एरंडेलाचा हात त्यांनीच लावला. ज्यांच्या घरी हे करायला कोणी नाही त्यांनी या फंदात पडू नये, सोंडे झाले की सगळी बचत वाऱ्यावर.

यानंतरचा भाग पाकिटांचा नाही, पण याच्याशिवाय अनुभव अर्धवट राहील. कार्डावर १,४०,००० थकलेले, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे ४,९०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी ८८२, एकूण ५,७८२. मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला किमान भरायची रक्कम, यायचा साधारण ७,०००. तो इमानदारीत भरला तरी मुद्दल जेमतेम १,२०० ने हलायची. वर थकबाकी असताना कार्डावर नवीन खरेदी केली तर तिला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चालू. अशा वेळी मेथीच्या जुडीमागे पाच रुपये घासाघीस करून काय होणार? मी पाकिटं भरून खुशीत होते आणि तिकडे महिन्याला पावणेसहा हजार नुसते जळत होते.

आईंनीच विषय काढला. "कपाटात पडून ते काय व्याज देतंय गं? ठेवा बँकेत." त्यांच्या पाटल्या आणि गोठ. आमच्याकडे सोनं गहाण टाकणं म्हणजे घर बसलं असं समजतात, नवरा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. शेवटी आई स्वतः बँकेत आल्या. तिथल्या सराफाने कसोटीच्या दगडावर पाटली घासली, थेंब टाकला, बराच वेळ पाहत राहिला. गोठांत लाख भरलेली, तिचं वजन वजा करून फक्त सोनं धरतात, आणि आम्हाला हवी तेवढी रक्कम पाटल्यांवरच बसत होती, म्हणून गोठ परत आणले. व्याज वर्षाला साधारण दहा टक्के. म्हणजे त्याच १,४०,००० वर पहिल्या महिन्याचं व्याज १,१६७ रुपये, ५,७८२ च्या जागी. सगळ्या पाकिटांनी मिळून जेवढं वाचवलं त्याच्या कितीतरी पट या एका सकाळीत वाचलं.

हे सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. कार्ड मोकळं झालं की हात पुन्हा तिकडे जातो, आणि मग कार्डही भरलेलं आणि सोनंही बँकेत अशी गत होते. आमचं 'वर्षाचं' पाकीट तोवर तीन महिने नीट चाललं होतं म्हणूनच मी तयार झाले. पैसे भरल्या दिवशीच कार्ड बंद करायचा लेखी अर्ज दिला. थकबाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड. कस्टमर केअरवाले "मॅडम, लाइफटाइम फ्री करून देतो" म्हणत राहतात, आपण नियमाचं नाव घेतलं की गाडी रुळावर येते.

पाकिटांत सर्वात अवघड गेलं ते आहेराचं पाकीट. महिन्याला हजार ठेवलेत, आणि लग्नसराईत मे महिन्यात ते पहिल्या आठवड्यातच संपलं. पाचशे एकच्या जागी दोनशे एक देताना हात आखडतो, नातेवाईक वहीत लिहून ठेवतात. शेवटी ज्या लग्नांना दोघांनी जायची गरज नव्हती तिथे मी आणि बाबा, म्हणजे सासरे, एसटीने गेलो. महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, त्यामुळे साताऱ्याकडचा प्रवास आहेरापेक्षा स्वस्तात झाला. नवरा आणि गाडी दोन्ही घरी.

मुलीला याचा त्रास झाला का? थोडा झाला. वाढदिवस घरीच केला, ते तिला आवडलं नाही आणि तिने तसं सांगितलंही. किरकोळच्या पाकिटातले महिन्याला दोनशे आता तिच्या ताब्यात आहेत, हिशेब विचारायचा नाही या अटीवर.

कोणाला चालेल? ज्यांचा पगार ठरलेल्या तारखेला येतो आणि घरातल्या दोघांनाही कर्जाचे सगळे आकडे माहीत आहेत, त्यांना. धंदेवाईक लोकांना किंवा कमिशनवर असणाऱ्यांना महिन्याचं पाकीट जमणार नाही, त्यांनी निदान 'वर्षाचं' खातं तरी वेगळं करावं. आणि एकाने पाकिटं भरायची, दुसऱ्याने गुपचूप हप्त्यावर फोन घ्यायचा, अशा घरात हे एक महिनाही टिकणार नाही.

सध्या आमच्या घरात चर्चा वेगळीच आहे. गोल्ड लोनमध्ये महिन्याला १३,००० भरतोय. पर्सनल लोन १४ टक्क्यांचं, २,१०,००० बाकी. नवरा म्हणतो जास्तीचे पैसे आधी महागड्या कर्जात घालू. गणित त्याच्या बाजूने आहे, मला मान्य आहे. पण ते लोन फिक्स्ड दराचं, मुदतीआधी फेडलं तर ४ टक्के शुल्क आणि वर जीएसटी, म्हणजे दहा हजारांच्या आसपास जाणार, आणि राहिलेलं सगळं व्याजच अठ्ठावीस हजार आहे. अधेमधे थोडे थोडे भरायलाही त्या बँकेत अटी आहेत. त्यामुळे मी आधी पाटल्या सोडवायच्या मताची आहे. दिवाळीचा बोनस धरला तर संक्रांतीच्या आत सुटतात. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला कुठं मिरवायचंय, तुम्ही तुमचं बघा," आणि नंतर हळूच विचारलं, की पावती कुठे ठेवली आहे.