घराच्या नियमांचा फलक: छापील नको, कोरा घ्यावा

घराचे नियम भिंतीवर लावण्यासाठी सध्या दोन प्रकारचे फलक मिळतात. लाकडी पट्टीवर 'भरपूर हसा', 'एकमेकांवर प्रेम करा' अशी वाक्ये छापलेला फलक दिसायला देखणा असतो. पण त्यांतले एकही वाक्य कोणी मोडले तर त्याला काय बोलायचे, हे सांगता येत नाही, त्यामुळे त्याला शोभेची वस्तू म्हणणेच योग्य. आम्ही घेतला तो दुसरा प्रकार, म्हणजे फ्रिजच्या दाराला चिकटणारा कोरा चुंबकीय फलक.

आकार ए-३ कागदाएवढा, म्हणजे साधारण ४२ बाय ३० सेंटिमीटर, आणि सोबत टोपणाला पुसणी लावलेले मार्कर. दार काचेचे असेल तर तो चिकटत नाही, काही स्टीलच्या दारांनाही चुंबक धरत नाही. म्हणून मागवण्यापूर्वी घरातले एखादे चुंबक लावून पाहावे. शेगडी जवळ असल्यास पृष्ठभागावर तेलकट थर बसून मार्कर उमटेनासा होतो, आणि बरेच दिवस तसाच राहिलेला मजकूर कोरड्या कापडाने न जाता स्पिरिटने पुसावा लागतो.

उपयोग मात्र अपेक्षेपेक्षा जास्त झाला. 'ज्याचे ताट त्याने उचलावे' आणि 'जेवताना फोन नको' हे आमच्या घरातले रोजच्या कटकटीचे विषय. ते लिहून लावल्यावर आईने दररात्री तेच बोलणे आणि मुलांनी तेच कुरकुरणे बरेच कमी झाले, कारण आता वाद आईशी न राहता, सर्वांनी मिळून ठरवलेल्या ओळीशी होता. एकदा जेवताना यजमानांनी ऑफिसचा फोन घेतला, तेव्हा धाकटीने घास हातात धरूनच फ्रिजकडे बोट दाखवले. त्या रात्री चर्चा होऊन 'फारच निकड असल्यास उठून बाहेरच्या खोलीत बोलावे' ही जोड नियमाला मिळाली. छापील फलकावर अशी दुरुस्ती करता आली नसती.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली, ती मुलांच्या अभ्यासासाठी. पण त्या वेळात पालकांनीही पडद्यापासून दूर राहावे, अशी अपेक्षा तिथे ठेवली गेली. घरातला नियम मोठ्यांना सूट देणारा असेल, तर कितीही चांगला फलक आणला तरी पैसे वाया जातील.

चार-पाच ओळींपेक्षा जास्त लिहू नये. आमच्याकडे अकरा नियमांची यादी झाली तेव्हा ती कोणीच वाचत नव्हते. फलक लहान मुलाचा हात पोहोचेल आणि खुर्चीवर बसलेल्या आजींना वाचता येईल अशा बेताने खाली लावावा. सोबतचा लाल मार्कर फार लवकर वाळतो, त्यामुळे एक चांगला मार्कर वेगळा घ्यावा.