जुन्या जीपला कबाडीचं इलेक्ट्रॉनिक्स: काय घ्यावं, काय सोडावं

जिप्सी असो की महिंद्राची एमएम 540, जुनी गाडी दारात असली की एक विचार डोक्यात येतोच. कबाड्याकडे ठोकलेल्या नव्या गाड्यांचं एवढं सामान पडून असतं, त्यातलं थोडं आपल्या गाडीला लावलं तर? मी लावलं. काही अजून चालतंय, काहींनी रडवलं. सगळ्याच वस्तूंना एक उत्तर नाही, म्हणून कबाडीचं की नवं हे एकेका वस्तूचं वेगळं बघू.

आधी हेडलाइट, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो. जुन्या जीपचा उजेड मिणमिणता असला की खापर बल्बवर फुटतं. बिचारा बल्ब बहुधा धड असतो. 60/55 वॅटच्या एच 4 बल्बचा सगळा करंट बऱ्याच जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि तीस वर्षांच्या वायरीतून फिरून येतो, आणि वाटेत व्होल्टेज गळतं. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड सुमारे तीस टक्के जातो. इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टीमीटर लावा. बॅटरीवर 13.8 आणि बल्बच्या होल्डरवर 12 च्या आत दिसलं, तर नवा एलईडी घ्यायची गरज नाही. दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, आणि बॅटरीपासून थेट जाड वायर टाका, बस.

आणि इथे कबाडीचा माल नव्यावर मात करतो. ठोकलेल्या गाडीतला कंपनीचा रिले बाजारातल्या स्वस्त नकलेपेक्षा कधीही बरा. फक्त रिले सुटा घेऊ नका. खालचा बेस आणि वीतभर वायर ठेवूनच कापून मागा. 85 आणि 86 नंबरच्या पिनांना बारा व्होल्ट दिले की 'टक्' आवाज यायला हवा. मग मीटरवर 30 आणि 87 जुळतात का ते बघा. उलट कबाडीचा प्रोजेक्टर हेडलाइट सोडा. आपल्या सात इंची गोल वाटीत तो बसवायला कापाकापी करावी लागते, बीम भलतीकडे जातो आणि नागपूरच्या उमरेड रोडवर समोरचा ट्रकवाला शिव्या घालतो. एलईडीच हवा असेल तर सात इंची नवा घ्या.

दुसरा रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलात की टेम्परेचरचा काटा कसा चढतो, हे नागपूरकराला सांगायला नको. इंजिनवर फिरणारा पंखा आयडलवर हळू फिरतो, इलेक्ट्रिक मात्र पूर्ण वेगाने. वर नाला ओलांडताना तो बंद ठेवता येतो, पाणी इंजिनभर उडत नाही. मी एका हॅचबॅकचा पंखा घेतला, प्लास्टिकच्या घेरासकट. कबाडी म्हणाला, "भाऊ, चालू म्हणजे चालूच आहे, काऊन शंका घेता?" तरी मी बॅटरी आणि क्लॅम्प मीटर (वायरीला चिमटा लावून करंट मोजणारं) सोबत नेलं होतं. सुरू होताना काटा उसळला, मग दहा अँपियरवर स्थिरावला. शेजारचा दुसरा पंखा सतरावर अडून बसला होता आणि हाताने फिरवला की किरकिरायचा. तो तिथेच ठेवला. एक खोच लक्षात घ्या: रेडिएटरच्या मागे बसणारा पंखा पुढे बसवून नुसत्या वायरी उलट केल्या तर तो फिरतो, पण पात्यांचा आकार एकाच दिशेसाठी असल्याने हवा कमी फेकतो. टेम्परेचर स्विच मात्र नवाच टाका. हाताने चालू करायचा स्विच एक दिवस विसरला जातोच, आणि इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं की ते महाग पडतं.

आता माझी फजिती. मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ, कंपनीचा, अर्ध्याहून कमी किमतीत. घरी आणून जोडला तर कोड मागू लागला, कारण तो मूळ गाडीशी बांधलेला. तो कसाबसा उघडून घेतला, तर बॅटरी दर तिसऱ्या दिवशी बसायला लागली. मूळ गाडीतून 'झोप' असा निरोप मिळेल म्हणून तो वाट बघत बसायचा, आणि माझ्या गाडीत निरोप देणारं कोणी नाही. बंद गाडीत अर्धा अँपियर खायचा, म्हणजे दिवसाला बारा अँपियर-अवर. साठच्या बॅटरीला हे कसं झेपावं? ज्या वस्तूला आधीच्या गाडीची आठवण आहे ती घेऊ नका, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा नवेच, साधे घ्या. टायर प्रेशरचे सेन्सर तर नकोच, त्यांची बॅटरी आत सीलबंद असते आणि बहुधा संपत आलेली. एअरबॅगच्या सामानाला हातही लावू नका. जुन्या लॅपटॉपच्या सेलचा पॅक बॉनेटखाली बसवायची हौस असेल, तर ती आवरा.

कबाडात आणखी एक धोका दिसत नाही. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा शहरात किती गाड्या पाण्यात गेल्या ते आपण पाहिलंय. बुडालेल्या गाडीचा माल वरून धुतला की चकाचक दिसतो. सॉकेट उघडून आतल्या पिना बघा. हिरवट पूड किंवा कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ दिसला, तर फुकट दिला तरी नको.

गाडी सैन्याच्या लिलावातली असेल तर आधी मीटर लावा. त्यांतल्या काही 24 व्होल्टच्या असतात, तिथे वरचं काहीच थेट चालणार नाही.

हातात दोनच हजार असतील तर क्रम असा: रिले, जाड वायर आणि बॅटरीजवळच्या पॉझिटिव्ह वायरवर फ्यूज. फ्यूज नवेच घ्या. पंखा पुढच्या पगाराला, पण अल्टरनेटरवरचा आकडा वाचून. हेडलाइटचे नऊ आणि पंख्याचे दहा अँपियर मिळून आयडलवर जुन्या अल्टरनेटरची दमछाक होते. स्टिरिओचं म्हणाल तर माझ्या डॅशबोर्डच्या त्या चौकोनी भोकात सध्या फ्यूजची डबी आणि दहा नंबरचा पाना असतो. गाणी फोनवर.