राजारामपुरीतील मासळीचे दुकान आणि फळ्यावरचा ‘नाही’ हा रकाना

कोल्हापुरात मटणाचे चांगले दुकान शोधावे लागत नाही. मासळीच्या दुकानावर विश्वास ठेवण्याआधी मात्र चारदा विचार करावा लागतो, कारण रत्नागिरीची मासळी आंबा घाटाने आणि देवगड-मालवणची मासळी गगनबावडा किंवा फोंडा घाटाने वर येते आणि ती जाळ्यातून निघाल्याला किती दिवस झाले हे गिऱ्हाइकाला कळायला सहसा काही मार्ग नसतो. पूर्वी शहरातल्याच एका दुकानातून ‘आजचीच’ म्हणून आणलेली सुरमई तव्यावर टाकताच पाणी सोडून भुसभुशीत झाली होती. तेव्हापासून मी मासळीपेक्षा मासळीवाल्याची पारख आधी करू लागलो आणि त्या शोधात राजारामपुरीच्या एका आतल्या गल्लीतले हे दुकान सापडले. पत्र्याच्या फलकावर ‘समुद्राची ताजी मासळी’ एवढेच रंगवलेले आहे, आणि ते चालवणाऱ्या मालवणकडच्या बाईंना सगळी गल्ली मावशी म्हणते.

या दुकानाचे खरे वैशिष्ट्य म्हणजे दाराशेजारी टांगलेला काळा फळा. त्यावर रोज सकाळी खडूने मासा, बंदर, उतरल्याचा दिवस आणि भाव असे लिहिले जाते, आणि सर्वांत खाली ‘नाही’ असा एक वेगळा रकाना असतो. परवाच्या बुधवारी फळ्यावर मिरकरवाड्याचा आदल्या दिवशीचा बांगडा होता, मालवणची तारली होती, सुरमईपुढे स्पष्टपणे ‘बर्फातली, चार दिवस’ असे लिहिले होते आणि ‘नाही’च्या रकान्यात पापलेट होते. चार दिवसांची सुरमई चार दिवसांची म्हणून विकणारे दुकान मला या शहरात अजून दुसरे मिळालेले नाही.

बांगडा मागितल्यावर मावशींनी न सांगता एकाचा कल्ला बोटाने उघडून दाखवला. आत गर्द लाल, ओला रंग होता, डोळा फुगीर आणि स्वच्छ होता, पाठीवरच्या निळसर-हिरव्या रेघा अजून चमकत होत्या आणि पोटाशी दाबल्यावर बोटाचा खड्डा राहिला नाही. साफ करताना सुरीचे टोक पोटात जेमतेम इंचभर घालून त्यांनी आतडे एका ओढीत बाहेर काढले आणि गाभोळी अखंड ठेवून वेगळ्या पिशवीत बांधून दिली. भाव किलोला 280 रुपये पडला, जो मला वाजवी वाटला.

पापलेट का नाही, असे विचारल्यावर मावशी म्हणाल्या, ‘‘दर्या तापलो हा, मग मासो थंय कसो रवतलो?’’ हे वाक्य विक्रेत्याची सबब म्हणून सोडून देता येणार नाही. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यांकनानुसार 1951 ते 2015 या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 1 अंश सेल्सिअसने वाढले आणि ही वाढ जगभरच्या समुद्रांच्या सरासरीपेक्षा अधिक आहे. माणसाला एक अंश म्हणजे काहीच वाटत नाही, पण मासा आपले अंग स्वतः उबदार किंवा थंड ठेवू शकत नाही. पाणी तापले की त्याला प्राणवायू अधिक लागतो आणि नेमका तापलेल्या पाण्यातच प्राणवायू कमी विरघळतो. अशा वेळी तो खोल जातो, उत्तरेकडे सरकतो किंवा अंडी घालण्याचा हंगाम बदलतो.

याहून मोठा परिणाम त्याच्या खाद्यावर होतो. वरचे पाणी गरम आणि हलके झाले की ते दुधावरच्या सायीसारखे वरच राहते, खालचे थंड आणि पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर यायला अडथळा होतो आणि ज्यावर सगळी साखळी उभी आहे ते सूक्ष्म वनस्पतीप्लवक उपाशी राहते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडल्याप्रमाणे पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत हे प्लवक 20 टक्क्यांपर्यंत घटले आहे.

मावशींच्या फळ्यावरील तारली याच गोष्टीचा उत्तम दाखला आहे. एकेकाळी हा मासा प्रामुख्याने केरळ आणि दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्याचा होता. पाणी तापत गेले तसा तो उत्तरेकडे आणि पूर्व किनाऱ्यावरही पसरला. दुसरीकडे, केरळात 2012 मध्ये सुमारे 4 लाख टन मिळालेली तारली 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली आल्याचे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या आकड्यांतून दिसते. बांगड्याची कथा निराळी आहे: पृष्ठभागाजवळ थव्याने फिरणारा हा मासा आता तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांतही पूर्वीपेक्षा अधिक सापडतो.

मात्र प्रत्येक रिकाम्या पाटीचे खापर उष्णतेवर फोडणे मला मान्य नाही, आणि मावशींशी माझा मतभेद आहे तो इथेच. पापलेट घटण्यामागे पिल्ले वाढण्याआधीच पकडणे हे फार मोठे कारण आहे. 2023 मध्ये राज्य शासनाने पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, ज्यात पापलेटसाठी तो 135 मिलिमीटर आहे. तापलेल्या समुद्रात ज्या माशांचे आधीच हाल होतात, त्यांना अंडी घालण्याची एक संधीही न देणे हे मला अधिक दुखते. मावशींनी हे ऐकून घेतले, वाद घातला नाही, आणि तळहाताएवढेही नसलेले पापलेट त्यांच्या पाटीत मी दीड वर्षात एकदाही पाहिलेले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

वादळांच्या दिवसांत या दुकानाची कसोटी लागते. तापलेल्या अरबी समुद्रावर आता तीव्र चक्रीवादळे अधिक तयार होतात. 2019 मध्ये क्यार आणि महा, 2020 मध्ये निसर्ग, 2021 मध्ये तौक्ते असा क्रम लागला, आणि इशारा आला की होड्या बंदराबाहेर पडत नाहीत. 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी गृहीत धरलेली असते. बुडणारे हे जास्तीचे दिवस मात्र कोणाच्याच हिशेबात नसतात. गेल्या हंगामात असे पाच दिवस आले तेव्हा फळ्यावर फक्त सुका जवळा, सोडे आणि गोड्या पाण्यातील रोहू होता. मागवून ठेवलेली गोठवलेली मासळी ताजी म्हणून खपवणे सहज शक्य होते. ते त्यांनी केले नाही.

उणिवाही सांगतो. पायरी सतत ओली असते आणि वयस्कर माणसाला तिथे घसरण्याची भीती आहे, वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे हे विचारल्याशिवाय सांगितले जात नाही, आणि रविवारी दोनच जण साफसफाईला असल्याने पाऊण तास उभे राहावे लागते. थर्माकोलचे रिकामे खोके गल्लीत रचून ठेवणेही थांबायला हवे.

घरी आणलेल्या बांगड्यांचे तिरफळ घालून तिखले केले. मांस काट्यापासून सहज सुटत होते, गाभोळी हळदीवर नुसती परतली तरी पुरली. तारली मात्र या वेळी अपेक्षेपेक्षा बारीक आणि कोरडी निघाली. पावसाळ्यानंतर पोटभर खाद्य मिळालेल्या तारलीला तव्यावर स्वतःचे तेल सुटते, ते हिला सुटलेच नाही. पुढच्या खेपेस मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी पैसे घेण्यास नकार दिला आणि फळ्यावर तारलीपुढे ‘बारीक’ असे लिहिले.

दुकान सोमवारी बंद असते. घाट चढून येणारी मासळीची गाडी सकाळी साडेसातच्या सुमारास येते, म्हणून बुधवारी किंवा शुक्रवारी आठच्या आत, झाकणाचा डबा घेऊन जावे, आणि आधी फळ्याचा खालचा रकाना वाचावा.