गेरिट: काही महिने रोज वापरल्यावर

गेरिट म्हणजे कोडमधले बदल मुख्य ब्रँचमध्ये जाण्याआधी इतरांकडून तपासून घ्यायचं साधन. गिटहबवर पुल रिक्वेस्ट (माझा बदल सामील करून घ्या, अशी विनंती) टाकायची सवय असलेल्या माणसाला गेरिट पहिल्या आठवड्यात नकोसं वाटतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आधी एसएसएच की, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख पटवणारी किल्ली, चढवा. मग एक हुक, म्हणजे कमिट करताना (बदल नोंदवताना) आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, उतरवून कोडच्या रेपोत बसवा. तो प्रत्येक कमिट मेसेजच्या तळाशी चेंज-आयडीची लांबलचक ओळ घालतो. ती ओळ नसेल तर पुश, म्हणजे सर्व्हरकडे पाठवलेला बदल, सरळ नाकारला जातो. पुशही नेहमीच्या ब्रँचवर नाही, ‘रेफ्स/फॉर/मास्टर’ असल्या पत्त्यावर. एवढं सगळं कशाला, असं वाटतंच.

पण अँड्रॉइडच्या कामासाठी गूगलमध्ये तयार झालेलं हे साधन लिबरऑफिस, विकिमीडिया, क्यूटी यांच्याकडेही चालतं. म्हणजे एकदा हात बसला की बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडतो.

खरी गंमत अमेंडमध्ये आहे. इथे एक कमिट म्हणजे एक बदल. रिव्ह्यूत दुरुस्ती सुचवली की वर नवा कमिट चढवायचा नाही. तोच अमेंड करून, म्हणजे जागीच सुधारून, पुन्हा पुश करायचा. चेंज-आयडी तोच राहिल्याने गेरिट त्याला जुन्याच बदलाचा पुढचा पॅचसेट (आवृत्ती) समजतं. मग रिव्ह्यूअर तिसरा आणि पाचवा पॅचसेट समोरासमोर ठेवून मधे काय बदललं तेवढंच बघतो, सगळा डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) पुन्हा वाचत बसत नाही. आणि मुख्य ब्रँचच्या इतिहासात ‘टायपो फिक्स’, ‘पुन्हा फिक्स’ असली रांग लागत नाही. मला तरी आता याशिवाय करमत नाही.

गुण देण्याची पद्धत मात्र समजून घ्यावी. कोड-रिव्ह्यूचे गुण साधारणपणे वजा दोन ते अधिक दोन. अधिक एक म्हणजे ‘मला ठीक वाटतं, पण मंजुरी दुसऱ्या कुणीतरी द्यावी’. असे दोन अधिक एक मिळून अधिक दोन, म्हणजे मंजुरी, होत नाहीत. वजा एक हे मत आहे, वजा दोन हा अडसर. तो ज्याने घातला त्यानेच सहसा काढायचा. माझ्या एका पॅचमध्ये फाइलचा पाथ रिकामा असेल तर लगेच परत फिरायची अट होती. रिव्ह्यूअरने नेमक्या त्या ओळीवर विचारलं, रिकामा पाथ इथवर पोचतोच कसा? आणि वजा एक. वाद घालण्यापेक्षा मी जुन्या सेटिंग्जमधून तो पाथ येतो हे दाखवणारी टेस्ट पुढच्या पॅचसेटमध्ये जोडली, त्याच धाग्यात उत्तर लिहिलं, आणि त्याच माणसाने अधिक दोन दिले. ओळीला चिकटलेली ही चर्चा पुढे वर्षांनी कोड वाचणाऱ्यालाही सापडते.

वाट बघण्यावर कुठल्याच साधनाकडे औषध नाही. रिव्ह्यूअर आपापली नोकरी सांभाळून बघतात. कुणाच्या नावाशेजारी छोटा बाण आहे ते पाहिलं की चेंडू कुणाच्या अंगणात आहे ते कळतं, एवढाच दिलासा.

त्रास होतो तो एकमेकांवर अवलंबून असलेल्या बदलांच्या साखळीत. सगळ्यात खालच्या कमिटला हात लावला की वरचे सगळे रिबेस करा (नव्या पायावर पुन्हा बसवा), आणि प्रत्येकाची टेस्ट पुन्हा रांगेत. साखळी दोन-तीन बदलांच्या वर जाऊ देऊ नये.

नवख्यांनी आधी ‘गिट-रिव्ह्यू’ बसवावं. ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरच्या प्रकल्पवाल्यांनी केलेलं छोटं साधन आहे. हुक आणि पुशचा पत्ता दोन्ही तेच सांभाळतं, आणि दुसऱ्याचा पॅच आपल्या मशीनवर उतरवून चालवून बघायचा असेल तरी एका कमांडचं काम.