सायक्लिन डी१, क्लोन एसपी४: छोट्या लॅबने घ्यावी का?

जिल्ह्याच्या गावी हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) लॅब चालवणारे सहकारी मला विचारतात, लिम्फोमासाठी (लसिका पेशींचा कर्करोग) सीडी२०, सीडी३, सीडी५, सीडी१०, सीडी२३, बीसीएल२ आणि केआय-६७ घेतल्या, आता पुढची अँटिबॉडी (पेशीतल्या ठरावीक प्रथिनाला चिकटून रंग दाखवणारी) कुठली? माझं उत्तर ठरलेलं आहे: सायक्लिन डी१ या प्रथिनाची, आणि तीही सशापासून बनवलेली मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून, म्हणजे एकाच क्लोनमधून आलेली), एसपी४. उंदराचे जुने क्लोन मी वापरलेत. त्यांचा रंग इतका फिका यायचा की रिपोर्टवर सही करताना हात थांबायचा.

लहान पेशींचे बी-सेल लिम्फोमा एच अँड ई या नेहमीच्या रंगावर सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. सीएलएल (क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया), फॉलिक्युलर, मार्जिनल झोन, मँटल, सगळ्यांत बारीक, शांत वाटणाऱ्या पेशी. मूळ मात्र निराळं. फॉलिक्युलर लसिका ग्रंथीतल्या पुंजक्याच्या मध्याच्या (जर्मिनल सेंटर) पेशींतून येतो, मँटल त्याभोवतीच्या कड्यातून, मार्जिनल झोन त्याच्याही बाहेरच्या पट्ट्यातून. लिम्फोमांच्या १९९४च्या रिअल वर्गीकरणाने दिसण्याबरोबर इम्युनोफिनोटाइप (पेशींवरच्या प्रथिनांची ओळख), जनुकं आणि आजाराची चाल एकत्र धरून प्रत्येकाला स्वतंत्र आजार मानलं, ते याचसाठी. सीएलएलच्या कित्येक रुग्णांना वर्षानुवर्षं नुसतं तपासत राहिलं तरी चालतं. मँटलच्या बहुतेकांना तेवढी सवड नसते.

गेल्या पावसाळ्यात मानेतला एक नोड (लसिका ग्रंथी) तपासायला आला. रुग्ण सत्तरीचे. ‘हळू वाढणारं आहे, घाबरू नका’ असं घरच्यांना आधीच सांगून झालं होतं. पेशी लहान, केंद्रकं जराशी वेडीवाकडी, मधूनमधून गुलाबी हिस्टिओसाइट (भक्षक पेशी). सीडी२० आणि सीडी५ पॉझिटिव्ह, सीडी२३ निगेटिव्ह. एसपी४ लावली आणि केंद्रकं गडद तपकिरी झाली: मँटलच, शंकेला जागाच नाही. त्याच संध्याकाळी मी ऑन्कॉलॉजिस्टना फोन केला.

हा रंग इतका बोलका का, ते सांगते. मँटलमध्ये ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि सायक्लिन डी१चं जनुक इम्युनोग्लोब्युलिनच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं, त्यामुळे ते प्रथिन भरमसाट बनतं. निरोगी मँटल झोनच्या पेशी हे प्रथिन बनवतच नाहीत. म्हणून टॉन्सिलचा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) उत्तम: वरच्या आवरणाच्या तळाकडच्या पेशी रंगायला हव्यात, मँटल झोन कोरा राहायला हवा. रुग्णाच्या स्लाइडवर रक्तवाहिन्यांचं अस्तर आधी बघा. तेही कोरं असेल तर ‘निगेटिव्ह’ लिहू नका, स्लाइड पुन्हा लावा.

आता उणिवा. टिश्यू थोड्याशा फॉर्मॅलिनमध्ये कोंबून आलं असेल तर ही अँटिबॉडीही हात टेकते. अँटिजेन रिट्रीव्हलला (फॉर्मॅलिनने झाकलेली प्रथिनं उघडी करायची पायरी) जास्त पीएचचा बफर लागतो, कमी पीएचच्या सिट्रेटवर भागवू नका. फक्त केंद्रकातला रंग धरायचा. सीएलएलच्या प्रोलिफरेशन सेंटरमध्ये (वाढणाऱ्या पेशींचे पुंजके) काही पेशी रंगतात, हेअरी सेल ल्युकेमियात फिका रंग येतो, मायलोमाच्या (प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) काही केसेसमध्ये तर चांगला गडद. त्यामुळे एकट्या एसपी४वर निदान करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. उलट मँटलच्या थोड्या केसेस सायक्लिन डी१ निगेटिव्हही असतात. तिथे सॉक्स११ या दुसऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी लागते. मार्जिनल झोनसाठी तर एसपी४चा उपयोग एवढाच, की मँटल नाही हे कळतं. बाकीचं काम डोळ्यांनी आणि क्लिनिकल माहितीवरच करावं लागतं.

कॉन्सन्ट्रेट घ्यायची की तयार डायल्यूट केलेली? केसेस कमी असतील तर तयारच घ्या. कॉन्सन्ट्रेट प्रत्येक स्लाइडमागे स्वस्त पडते, पण दर नव्या लॉटला टायट्रेशन (किती पातळ करायची ते ठरवणं) करायला माणूस आणि वेळ लागतो, आणि मुदत संपून फेकून दिलेली बाटली सगळ्यात महाग पडते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पुढच्या खरेदीत बजेट उरलं तर सॉक्स११, त्यानंतर सीएलएलसाठी एलईएफ१.