आयर्विंग, टेक्सासमधलं अपार्टमेंट, दोन वर्षं राहून: 5 पैकी 2 स्टार

नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण लीज इथे बहुतेक ठिकाणी तीच असते, टेक्सास अपार्टमेंट असोसिएशनचा छापील फॉर्म. जागेला तशी नावं ठेवण्यासारखं काही नाही, पूल मस्त, देसी किराणा पाच मिनिटांवर, पार्किंगची मारामारी नाही. पण पुण्यात 11 महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स अंगठा टेकवून करायची सवय, त्यामुळे इथे फोनवर भलीमोठी लीज आली तेव्हा मी पण नेक्स्ट नेक्स्ट करत सही ठोकली.

पहिला झटका जुलैमध्ये. एसी बंद, बाहेर 104 फॅरनहाइट, आणि सांगलीहून आलेली आई ओला पंचा डोक्यावर घेऊन सोफ्यावर बसलेली. ऑफिसला तीनदा फोन केला, दरवेळी "टेक्निशियन निघालाय". शेजारचा म्हणाला भाडं अडकव, कसे धावत येतात बघ. बरं झालं ऐकलं नाही, कारण टेक्सासमध्ये भाडं थकलेलं असताना रिपेअरसाठी कायदा तुमच्या बाजूने उभाच राहत नाही, उलट घर सोडायची 3 दिवसांची नोटीस दारावर येते, आणि लीजमध्ये लिहिलं असेल तर त्याहून कमी दिवसांची पण चालते!! फोनला तर किंमतच नाही. लेखी द्यायचं, आणि ट्रॅकिंगवालं पत्र टाकलं तर एकदा दिलेलं पुरतं, नाहीतर परत दुसरी नोटीस. साधारण 7 दिवस वाजवी मुदत धरतात. आमच्याकडे सहाव्या दिवशी माणूस आला, वीस मिनिटांचं काम होतं. आई म्हणाली, एवढ्यात तर आपला वायरमन दोनदा येऊन चहा पिऊन गेला असता.

रिन्यूअलला महिना 180 डॉलर वाढवले. तक्रार कुठे करणार, भाडेनियंत्रण इथे नाहीच. सोडायचं तर 60 दिवस आधी लेखी, मध्येच गेलात तर महिन्याच्या भाड्याच्या 85 टक्के रीलेटिंग फी (घर पुन्हा भाड्याने द्यायच्या खटाटोपाचे पैसे), आणि ती भरली म्हणून उरलेलं भाडं माफ होत नाही. एकच बरं आहे, मालकाला नवा भाडेकरू शोधायचा प्रयत्न करावाच लागतो, तो नियम लीजमध्ये लिहून पण उडवता येत नाही.

आता डिपॉझिट. 600 होतं. चावी देताना नवीन पत्ता काउंटरवर तोंडी सांगून आलो, महिना उलटला तरी चेक नाही. मग कळलं की पत्ता लेखी दिल्याशिवाय त्यांच्यावर परत द्यायचं बंधनच येत नाही, एरवी मुदत घर सोडल्यापासून 30 दिवस. लेखी दिला, तर 260 चा चेक आणि "कार्पेट 340" अशी एक ओळ. कार्पेट आम्ही आलो तेव्हाच झिजलेलं होतं, मूव्ह-इनचे फोटो माझ्याकडे, आणि वापराने होणारी साधी झीज कापता येत नाही. मुद्दाम पैसे दाबले असं कोर्टात ठरलं तर 100 डॉलर, वर दाबलेल्या रकमेच्या तिप्पट आणि वकिलाची फी, हे टेक्सास प्रॉपर्टी कोड या कायद्याच्या कलम 92.109 चा नंबर टाकून फोटोंसकट पाठवलं.

नवव्या दिवशी 280 चा दुसरा चेक. उरलेले 60 मी सोडून दिले, किचनजवळचा हळदीचा डाग खरंच आमचा होता.